पोरं, तंबू आणि गाडी : १४ दिवसांत सात देश जमतील का?

शेवगा | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत विमान, हॉटेल काही नको. आपली गाडी काढायची, तंबू टाकायचा आणि युरोप बघायचा असं ठरवलंय. सासूबाई (वय ६७) जुलैमध्ये सांगलीहून येतायत, त्याही सोबत असतील. तंबूचा आमचा अनुभव म्हणजे बागेत टाकलेला एक, तोही पाऊस आला म्हणून रात्री अकरा वाजता गुंडाळलेला.

नवऱ्याने केलेला प्लॅन असा : श्टुटगार्ट – लाउटरब्रुनेन – आनेसी – नीस – फ्लोरेन्स – व्हेनिस – ल्युब्ल्याना – साल्झबुर्ग – प्राग – घर. जर्मनी धरून सात देश, १४ दिवस, तीन हजारांच्या वर किलोमीटर.

प्रश्न :
कॅम्पिंगच्या जागा आधी बुक कराव्या लागतात का?
स्वयंपाकाचं काय करता? आई शाकाहारी आहेत.
धाकट्याला गाडी लागते. फार नाही, पण लागते.
रस्त्यांचे टोल, स्टिकर वगैरे देशागणिक वेगळे असतात म्हणे. कोणी एकदा नीट सांगेल का?

आधीच आभार.

---

तिरकस | ९ फेब्रुवारी

सात देश बघणार नाही, सात देशांतले पेट्रोलपंप बघाल. शुभेच्छा!

---

घाटवळण | ९ फेब्रुवारी

तिरकसरावांनी एका ओळीत आटोपलं, मी जरा सविस्तर सांगतो. म्युनिकमध्ये बारा वर्षं झाली आणि त्यातली नऊ तंबूत गेली, दोन पोरांसकट.

तुमच्या प्लॅनमध्ये आठ मुक्काम आहेत. प्रत्येक ठिकाणी तंबू उभा करायला नवख्यांना दीड तास धरा. उतरवायला दोन तास, कारण सकाळी तो दवाने ओला असतो, पोरं आत लपतात आणि पिशवीत तो कधीच परत मावत नाही. मधल्या चार-पाचशे किलोमीटरच्या उड्या वेगळ्याच. चौदा दिवसांतला निम्मा वेळ तुम्ही खुंट्या मोजत घालवाल.

आमच्या घरातला नियम साधा आहे. सगळ्यात धाकट्याचं जितकं वय, तितके तास एका दिवसात गाडी, त्यातही थांबे धरून. म्हणजे तुम्हाला चार. आणि एका जागी किमान तीन रात्री, शक्यतो चार. पहिल्या दिवशी पोरं जागा हुंगतात, दुसऱ्या दिवशी शेजारच्या तंबूतली दोस्त मंडळी सापडतात, तिसऱ्या दिवशी ती तुम्हाला ओळखही दाखवत नाहीत. तिथून तुमची सुट्टी सुरू होते. चौथ्या वर्षाच्या पोराला फ्लोरेन्सचा घुमट आणि कॅम्पसाइटचा नळ यांत निवड दिली तर तो नळच निवडणार.

एक किंवा दोनच जागा ठरवा. माझं मत विचाराल तर स्लोव्हेनिया : बोहिंजचं तळं आणि सोचा नदीचं खोरं. वाटेत बव्हेरियातल्या कीम्झे तळ्याकाठी दोन रात्री. श्टुटगार्टहून कीम्झे तीनशेच्या आसपास, तिथून बोहिंज पुन्हा तितकंच.

---

लंडनची_चिमणी | १० फेब्रुवारी

घाटवळण यांना +१. आम्ही इंग्लंडहून दर वर्षी फ्रान्सला जातो. फोकस्टनला गाडी ट्रेनमध्ये घालायची, ३५ मिनिटांत कॅले. पहिल्या वर्षी तुमच्यासारखाच प्लॅन केला होता. पॅरिस, लॉयर, दोर्दोन्य, स्पेन. लेकीच्या वहीत त्या सहलीचं एकच चित्र आहे : मागच्या सीटवरून दिसणारं माझं डोकं.

आता आम्ही एका जागी दहा दिवस राहतो. सकाळी पोरं स्वतः सायकलवर कॅम्पच्या दुकानात जाऊन बॅगेट (फ्रेंच लांबट पाव) आणतात. पहिल्या दिवशी मी दहा पावलं मागून चालले होते, चौथ्या दिवशी लेक म्हणाली, “आई, तू नको ना येऊस.” घरी लंडनमध्ये ती कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी जात नाही! माझ्या लेखी कॅम्पसाइटचं मोल यात आहे. फाटकातून आत आलं की गाड्या पाच-दहाच्या वेगाने चालतात, सगळ्यांचं सगळ्यांच्या पोरांवर लक्ष असतं. आपल्या लहानपणी वाड्यात असायचं तसं.

तंबूची धास्ती वाटत असेल तर फ्रान्स-इटलीत मोबाइल होम भाड्याने मिळतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. सासूबाईंसाठी बरं पडेल. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये ती बरेचदा शनिवार ते शनिवारच देतात.

आणि एक आधीच सांगते : फ्रान्समध्ये पोहण्याच्या तलावात पुरुषांना सैल बर्म्युडा चालत नाही. अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते. माझ्या नवऱ्याला शिट्टी वाजवून बाहेर काढलं होतं. तिथल्याच यंत्रातून विकत घ्यावी लागली, आणि त्याच्या मापाची फक्त जांभळी होती.

---

तिरकस | १० फेब्रुवारी

फोटो?

---

लंडनची_चिमणी | १० फेब्रुवारी

घटस्फोट हवाय का माझा?

---

नदीकाठ | १० फेब्रुवारी

तारखांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. शेवगा, तुम्ही बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहात, हा तुमच्या हातातला हुकमी पत्ता आहे. तुमच्या शाळा जुलैअखेर सुटतात आणि थेट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास उघडतात. फ्रान्स आणि स्लोव्हेनियात शाळा १ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, डच मंडळीही तोवर पांगतात. म्हणजे ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरची सुरुवात धरलीत तर कॅम्पसाइट निम्मी रिकामी, दर उतरलेले, हवा अजून बरी.

उलट ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दक्षिणेकडे जाऊ नका. फ्रान्समध्ये जुलैवाले परततात आणि ऑगस्टवाले निघतात तो शनिवार तर सरकारी वाहतूक-अंदाजात काळ्या रंगाने दाखवतात. इटलीत १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोची सुट्टी, तेव्हा सगळा देश समुद्रावर. कुठेही जा, शनिवारी निघू नका. मंगळवार-बुधवार उत्तम.

शाळा बुडवून आधी निघायचा विचार मनात आणू नका, जर्मनीत ते गमतीवारी नेत नाहीत. (माहीत असेलच, पण इतर वाचणाऱ्यांसाठी.)

---

शेवगा | ११ फेब्रुवारी

अरे बापरे, एवढे प्रतिसाद! नवऱ्याला वाचून दाखवले. तो “लोक उगाच घाबरवतात” म्हणाला आणि नंतर अर्धा तास नकाशा बघत गप्प बसला होता. नीस गेलं. फ्लोरेन्सवर अजून बोलणी चालू आहेत.

---

घाटवळण | ११ फेब्रुवारी

फ्लोरेन्सलाही जाऊ द्या. तिथे तुमच्या गाडीसाठी ZTL नावाचं भूत बसलंय… माफ करा, देवनागरी! झेड-टी-एल. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मधल्या भागात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. नाक्यावर कॅमेरे असतात, पोलीस नसतो, त्यामुळे आपण चुकलो हे कळतच नाही. मग महिन्यांनी घरी पाकीट येतं. आम्हाला एका गल्लीसाठी दोन आली होती, आत जाताना एक आणि पुन्हा चुकून वळसा घेतल्याचं दुसरं.

आता टोलचं, तुमच्या नव्या वाटेपुरतं.

जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियाच्या महामार्गांवर विन्येट (ठरावीक मुदतीचा टोल-पास) लागतं. ते डिजिटल मिळतं, गाडीच्या नंबरला जोडलेलं. २०२४ पासून एका दिवसाचंही आहे, तुम्ही नुसते आरपार जाणार असाल तर जाताना एक आणि येताना एक पुरे. पण गंमत अशी की टाउअर्नचा पट्टा आणि काराव्हांकेनचा बोगदा यांचे पैसे वेगळे, ते विन्येटमध्ये धरलेले नाहीत. स्लोव्हेनियाचं विन्येट वेगळं, तेही ऑनलाइन, सगळ्यात लहान सात दिवसांचं. ही सगळी खरेदी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. शोधल्यावर वर येणारे दलाल दामदुप्पट घेतात.

स्वित्झर्लंडला कधी गेलात तर तिथे वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँक. एक दिवस जा नाहीतर वर्षभर हिंडा.

परतताना ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना सीमेवर तपासणी असते, रांग लागते. पासपोर्ट आणि राहण्याचं कार्ड हाताशी ठेवा, डिकीत तंबूच्या खाली नको. आईंचा पासपोर्टसुद्धा.

---

गव्हलाकुर्डई | १२ फेब्रुवारी

स्वयंपाकाचा प्रश्न राहिला की! माझा प्रांत आहे तो, सरका जरा.

दोन शेगड्यांची गॅसची चूल घ्या. आणि तीन लिटरचा कुकर न्या. लोक हसतील, हसू द्यात. खिचडी, वरणभात, बटाटे, सगळं वीस मिनिटांत, गॅसही कमी जळतो. फक्त दुपारी एक ते तीन या वेळात शिट्टी वाजवू नका. जर्मन कॅम्पसाइटवर ती झोपेची वेळ असते, फाटकसुद्धा बंद ठेवतात. आमच्या पहिल्या शिट्टीला शेजारचे आजोबा खुर्चीतून उठून आमच्या तंबूपासून दूर जाऊन उभे राहिले होते. मग त्यांना वाटीभर खिचडी दिली. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन, त्यात जर्दाळू घालून परत आली.

विजेची शेगडी नेणार असाल तर आधी गुणाकार करा. कॅम्पसाइटच्या खांबावर कुठे ६ अँपिअर मिळतात, कुठे १०, कुठे १६. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. २००० वॅटची शेगडी लावलीत की खटका पडला, आणि खटक्याची किल्ली ऑफिसात, आणि ऑफिस संध्याकाळी बंद. शिवाय खांबाला निळा तीन-पायी गोल प्लग लागतो, घरचा बसत नाही. त्याचं अडॅप्टर आणि वीस-पंचवीस मीटर वायर घ्या.

कोरडा शिधा : भाजणी, मेतकूट, पोहे, भाजलेला रवा (डब्यात तिखटमिठाच्या सांज्यासाठी फोडणीसकट तयार), मूगडाळ-तांदूळ एकत्र धुऊन वाळवलेले, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. दही, भाजी, फळं तिथे घ्यायची. रविवारी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया तिन्हीकडे दुकानं बहुतेक बंद, तेव्हा शनिवारी भरून ठेवा.

सासूबाईंना सांगा, सांगलीहून तूप, पेढे, खवा काही आणू नका. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. पीठं-मसाले चालतात.

---

लंडनची_चिमणी | १२ फेब्रुवारी

त्यात आम्हीही आलो आता. २०२१ पासून इंग्लंडहून जाताना चीज सँडविचही न्यायचं नाही. पोरांना रांगेत उभं असतानाच खायला घालते.

---

नदीकाठ | १२ फेब्रुवारी

कुडकुर्डई ताई, सगळं बरोबर, एक भर फक्त. पाऊस आला म्हणून चूल तंबूच्या आत घेऊ नका. आणि कोळशाची शेगडी तर विझल्यासारखी दिसली तरी ऊब म्हणून आत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच घात होतो. दर उन्हाळ्यात सांगावं लागतं म्हणून सांगतेय.

---

गव्हलाकुर्डई | १२ फेब्रुवारी

नाव नीट लिहा हो. :) बाकी एकदम मान्य.

---

बिनकामाचा_बंडू | १३ फेब्रुवारी

मला एक कळत नाही. तंबू, गाद्या, झोपायच्या पिशव्या, चूल, टेबल, खुर्च्या, गाडीवरची पेटी. याचा हिशोब केला तर दोन आठवडे हॉटेल झालं असतं. वर संडासला टॉर्च घेऊन चालत जायचं. गरिबीतून वर येऊन इतके पैसे कमावले ते परत जमिनीवर झोपायला?

---

घाटवळण | १३ फेब्रुवारी

बंडू, पहिल्या वर्षी महागच पडतं, खोटं कशाला बोलू. आमचा तंबू आता आठव्या वर्षात आहे, तेव्हा वसूल झाला. पहिल्यांदा तंबू मित्राकडून मागून आणावा. पैसे घालायचेच तर खालच्या गादीत घाला, पिशवीत नव्हे. थंडी जमिनीतून येते. हजार मीटरवर ऑगस्टमध्येही पहाटे आठ-दहा अंश असतं.

बाकी जर्मनीत प्रवासी गाडीत झोपायची कल्पना गरिबीतून नाही, एका बाईच्या हट्टातून आली. जर्मनीतली पहिली कॅराव्हॅन १९३१ मध्ये आरिस्ट डेथलेफ्स यांनी बांधली. ते चाबूक आणि स्कीच्या हातमोज्यांच्या धंद्यासाठी सतत फिरतीवर असायचे, आणि त्यांची होणारी बायको चित्रकार होती. तिला सोबत जायचं होतं आणि वाटेत रंगवायचंही होतं. म्हणून चाकांवरची खोली. नाव दिलं ‘वोनआउटो’, राहायची गाडी.

---

बिनकामाचा_बंडू | १३ फेब्रुवारी

माहिती छान. मी हॉटेलातच जाणार.

---

पुणे_ते_पोर्तो | १५ फेब्रुवारी

जरा अवांतर, पण जवळचं. आम्ही पुण्याहून मे महिन्यात येतोय, दोघं आणि ७ व ११ वर्षांच्या दोन मुली. फ्रँकफर्टहून मोटरहोम भाड्याने घ्यावी म्हणतोय. भारतीय लायसन्स चालेल ना? माझं एलएमव्ही आहे.

---

घाटवळण | १५ फेब्रुवारी

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही जवळ हवाच, नुसती ती पुस्तिका चालत नाही.

इथे एक खोच आहे. भारतात एलएमव्ही म्हणजे साडेसात टनांपर्यंत, पण आंतरराष्ट्रीय परवान्यावरचा ‘बी’ वर्ग फक्त साडेतीन टनांपर्यंतचा. तेव्हा साडेतीन टनांच्या आतलीच गाडी घ्या. आणि त्या गाड्या मुळातच जड असतात, तुमच्यासाठी उरतं थोडंसंच. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो तिथेच गेले. चौघं, सायकली, डाळ-तांदूळ… काटा पटकन ओलांडला जातो. पाणी मुक्कामावर भरा, निघताना नव्हे.

पोरींच्या जागा समोर तोंड असलेल्या आणि तीन-टोकी पट्ट्याच्याच आहेत ना, हे लेखी विचारून घ्या. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंमी उंची, यातलं जे आधी होईल तोवर मुलांची सीट लागते. म्हणजे दोघींनाही बहुधा लागेल.

महामार्गावर गाड्या तुंबल्या की डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेची वाट मोकळी करायची असते. गाड्या पूर्ण थांबायच्या आत. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवरून आल्यावर हे बघून डोळे पाणावतात.

---

नदीकाठ | १५ फेब्रुवारी

व्हिसासाठी : अर्जात प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो, त्यामुळे “जिथे रात्र होईल तिथे थांबू” हे मोटरहोमचं स्वप्न जरा बाजूला. कॅम्पसाइटची आरक्षणं जोडा. जिथे सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. विमा किमान ३०,००० युरोंचा.

आणि रस्त्याकडेला कुठेही मुक्काम टाकू नका. नॉर्वे-स्वीडनमध्ये मोकळ्या रानात तंबू टाकायचा हक्क आहे, नॉर्वेत घरापासून १५० मीटर लांब राहून. ते ऐकून लोक सगळीकडे तसंच असेल असं धरतात. स्लोव्हेनिया, इटली, फ्रान्सच्या राष्ट्रीय उद्यानांत दंड बसतो.

---

पुणे_ते_पोर्तो | १६ फेब्रुवारी

मनापासून आभार. ७.५ आणि ३.५ चं कोणीच सांगितलं नव्हतं. साडेचार टनांची गाडी जवळजवळ बुक केली होती!

---

आलेपाक | १७ फेब्रुवारी

शेवगा, गाडी लागण्यावर. माझ्या दोघांनाही लागते, त्यामुळे मी यात पीएचडी. वळणांच्या रस्त्यावर मोबाइल, पुस्तक, चित्रं रंगवणं बंद. डोळे समोर. रिकाम्या पोटी निघू नका, दूधही पाजू नका. कोरडी पोळी, खाकरा, कुरमुरे. दर दीड तासाला उतरवून पळवायचं. औषध द्यायचं तर वयाप्रमाणे मात्रा डॉक्टरांना विचारून, आणि घाट सुरू व्हायच्या आधी. ओकारी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही.

खेळ म्हणून गाड्यांच्या पाट्या. आपल्याकडे पोरांना एमएच १२ पुणे, एमएच ०९ कोल्हापूर पाठ असतं ना, तसंच इथे एस म्हणजे श्टुटगार्ट, एम म्हणजे म्युनिक. लहान गावाला जास्त अक्षरं. स्विस पाटीवर कँटनची दोन अक्षरं. पिवळी पाटी आणि मागे कॅराव्हॅन दिसली की डच, त्याला एक गुण. ऑगस्टमध्ये हा खेळ लवकर संपतो, कारण सगळेच डच असतात.

आणि गोचिडाची लस! दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया हा सगळा गोचिडांच्या मेंदूज्वराचा टापू आहे. लशीचे तीन डोस असतात, पहिले दोन तरी निघायच्या आधी व्हायला हवेत, म्हणून आत्ताच डॉक्टरांना फोन करा. आईंचंही विचारा. लाइमवर (गोचिडांमुळेच होणारा दुसरा आजार) ही लस चालत नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बघायचं. गोचीड काढायचा चिमटा प्रथमोपचाराच्या पेटीत हवाच.

---

शेवगा | १७ फेब्रुवारी

हे माझ्या यादीतच नव्हतं. उद्याच फोन करते.

ठरलं मंडळी : कीम्झे २ रात्री, बोहिंज ४, सोचा ४, परतीला १. निघायचं २७ ऑगस्टच्या सुमारास. आई म्हणाल्या, “तंबूत झोपेन, पण खुर्ची पाठ टेकायची हवी.” नवऱ्याने फ्लोरेन्स सोडलं, त्या बदल्यात त्याला एक घाट हवाय.

---

घाटवळण | १७ फेब्रुवारी

मग वर्षिच खिंड. क्रान्स्का गोरापासून मोजलेली ५० वळणं, प्रत्येकावर नंबर आणि उंचीची पाटी, माथा १६११ मीटर. पण जाताना नका नेऊ. बोहिंजस्का बिस्त्रित्साहून गाड्या वाहणारी ट्रेन आहे, गाडी सपाट डब्यावर चढवायची आणि डोंगराखालून पलीकडे मोस्त ना सोची. बोगदा १९०६ मधला, सहा किलोमीटरहून लांब. वेळापत्रक आधी बघून घ्या. पोरांना यापुढे डिस्नेलँड फिकं. घाट परतीला.

---

शेवगा | १४ सप्टेंबर

धागा वर काढतेय. आलो परत, सगळे धडधाकट. सविस्तर लेख लिहीन म्हणून राहून जाईल, म्हणून इथेच.

कीम्झेला पहिला तंबू एक तास पन्नास मिनिटांत. घाटवळण, तुम्ही दीड म्हणाला होतात. आई पाठ टेकायच्या खुर्चीत बसून सूचना देत होत्या, आणि कबूल करायला हवं, दोन सूचना बरोबर होत्या.

बोहिंजला चारपैकी अडीच दिवस पाऊस. तिथे पाऊस फार पडतो हे नंतर कळलं, अगदी आंबोलीच म्हणा. पहिल्या दुपारी मी रडायच्या बेतात होते. मग गडगडाट सुरू झाला तशी सगळ्यांना गाडीत बसवलं (तंबूपेक्षा गाडी सुरक्षित), काचा धूसर झाल्या आणि आईंनी पोरांना पत्ते शिकवले. नंतर ऊन पडलं तरी पोरं “गाडीत बसून खेळूया” म्हणत होती. साविचा धबधबा बघितला, पावसामुळे असा काही फुगला होता! तळ्यात नवरा आणि लेक पोहले, मी पाय बुडवले तेवढे पुरे.

कुकर. शेजारी डच कुटुंब होतं (आलेपाक, आम्हाला ३८ गुण). पहिल्या शिट्टीला त्यांचा कुत्रा टेबलाखाली गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची दोन मुलं संध्याकाळी आमच्या चुलीसमोर येऊन बसायची आणि माझ्या लेकीने त्यांना शिकवल्याप्रमाणे मोठ्याने मोजायची : “एक… दोन… तीन… बंद कर!”

गाडीची ट्रेन : चार वर्षांचा माणूस बोगद्यात शिरताना एक शब्द बोलला नाही. आमच्याकडे हे प्रथमच.

सोचाचं पाणी फोटोत दिसतं तसंच हिरवंनिळं आहे. रंग घातलाय का, असं आईंनी विचारलं. तिथे चारही दिवस काहीही बघितलं नाही. खोटं वाटेल, पण खरंच काही नाही. पोरांनी दगडांचं धरण बांधलं, ते वाहून गेलं, परत बांधलं. नवरा तिसऱ्या दिवशी म्हणाला, “व्हेनिस इथून फार लांब नाही.” कोणी उत्तर दिलं नाही. मग तोही धरणावर गेला.

वर्षिच : ट्रेंटाच्या बाजूने चढलो, त्यामुळे वळणांचे नंबर पन्नासपासून उलटे. सगळे मिळून मोजत होतो. एकतिसाव्या वळणावर व्हायचं ते झालं. आलेपाक, पोळी खाल्ली होती, दूध दिलं नव्हतं. आजीने हळूच दिलेली चॉकलेटं हिशोबात नव्हती. माथ्यावर मेंढ्या होत्या, त्यांना बघून साहेब लगेच बरे. उतरताना रशियन कैद्यांच्या आठवणीतलं छोटं लाकडी चर्च लागतं. हा रस्ता पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडून बांधून घेतला होता आणि १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी गाडले गेले. लेकीने विचारलं, “त्यांना सुट्टी नव्हती का?” पुढची चार-पाच वळणं कोणी मोजली नाहीत.

एक गोचीड, माझ्या गुडघ्यामागे. पोरांचं रोज तपासत होते, स्वतःचं विसरले.

जे नेलं आणि एकदाही उघडलं नाही : टॅबलेट, चार पुस्तकं, इस्त्रीचे शर्ट (नवरा), बॅडमिंटनचं जाळं. जे कमी पडलं : दोरी, कपड्यांचे चिमटे, मेतकूट.

---

तिरकस | १४ सप्टेंबर

देश किती झाले?

---

शेवगा | १४ सप्टेंबर

दीड. ऑस्ट्रियाचे फक्त बोगदे बघितले.

---

बिनकामाचा_बंडू | १५ सप्टेंबर

बरं वाटलं वाचून. ती पाठ टेकायची खुर्ची कुठली घेतलीत? हॉटेलच्या बाल्कनीसाठी विचारतोय.

---

शेवगा | १५ सप्टेंबर

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. दोन घ्या, एक आई सांगलीला घेऊन जायचं म्हणतायत आणि सामानाच्या वजनावरून सध्या घरात वाद चालू आहे.